राहायला, पाहायला, व्यापाराला: जगातील हवीशी वाटणारी शहरे

जगातील शहरांना गुण देऊन त्यांची क्रमवारी लावण्याच्या पद्धतीला पगारपत्रकाने मोठा हातभार लावला. बहुराष्ट्रीय कंपनी आपल्या अधिकाऱ्याला जिनिव्हाहून एखाद्या अशांत किंवा गैरसोयीच्या शहरात पाठवते, तेव्हा त्याला जादा भत्ता द्यावा लागतो. तो किती द्यावा, हे ठरवण्यासाठी दोन शहरांतील राहणीमानातला फरक आकड्यांत मांडावा लागतो. मर्सर ही सल्लागार संस्था आणि इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट यांच्या प्रसिद्ध याद्यांचा असा वापर होतो. त्यांच्या बातम्या झाल्या, महापौर त्यांचे दाखले देऊ लागले आणि ‘जगातील सर्वोत्तम शहर’ हा शब्दप्रयोग रूढ झाला.

इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटची वास्तव्ययोग्यतेची यादी सध्या १७३ शहरांची असते. स्थैर्य म्हणजे गुन्हेगारी, दहशत आणि युद्धाचा धोका याला २५ टक्के, संस्कृती व पर्यावरण याला २५ टक्के, आरोग्यसेवेला २०, पायाभूत सुविधांना २० आणि शिक्षणाला १० टक्के असा गुणांचा भार आहे. त्यात राहणीखर्चाला स्थान नाही. चांगली घरे उपलब्ध आहेत का, हे पाहिले जाते. ती शिक्षिकेला किंवा बसचालकाला परवडतात का, हे पाहिले जात नाही. ज्याचे भाडे कंपनी भरते त्याच्या नजरेतून शहर पाहिले तर असेच होणार. म्हणून यादी खोटी ठरत नाही, पण ती कोणासाठी केली आहे हे लक्षात ठेवून वाचावी लागते.

पर्यटकांसाठी आणि व्यापारासाठी वेगळे मापदंड आहेत. टोकियोच्या मोरी मेमोरियल फाउंडेशनचा निर्देशांक २००८ पासून निघतो. त्यात मोठ्या शहरांची अर्थव्यवस्था, संशोधन, सांस्कृतिक देवाणघेवाण, राहणीमान, पर्यावरण आणि दळणवळण अशा सहा अंगांनी तुलना असते, आणि २०१२ पासून पहिले स्थान लंडनकडे आहे. आर्थिक केंद्रांची यादी लंडनची झेड/येन ही संस्था वर्षातून दोनदा काढते. तीत न्यूयॉर्क, लंडन, हाँगकाँग आणि सिंगापूर ही नावे वर्षानुवर्षे वर असतात. उलट २०२५ च्या वास्तव्ययोग्यतेच्या यादीत पहिले कोपनहेगन, त्यामागे व्हिएन्ना आणि झ्युरिक, मग मेलबर्न व जिनिव्हा. या यादीच्या पहिल्या दहांत लंडन नाही, न्यूयॉर्क नाही आणि टोकियोही नाही. जिथे पैसा धावतो आणि जिथे माणूस निवांत राहतो, ती शहरे बहुधा वेगवेगळी असतात. तिन्ही कसोट्यांवर बरी उतरणारी शहरे थोडी आहेत आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे सर्वांत जास्त आहे.

व्हिएन्ना: पाणी, घर आणि पास

व्हिएन्नाचे नाव निघाले की ऑपेरा, राजवाडे आणि कॉफीगृहे आठवतात. मर्सरच्या यादीत हे शहर २०१९ पर्यंत सलग दहा वेळा पहिले आले. इकॉनॉमिस्टच्या यादीत २०१८, २०१९ आणि पुन्हा २०२२ ते २०२४ अशी पाच वेळा. पण या यशाचे मूळ संगीतात शोधून सापडत नाही. ते नळात, घरभाड्यात आणि ट्रामच्या पासात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हॅब्सबर्ग साम्राज्याची ही राजधानी वेगाने फुगत होती आणि लोक दूषित विहिरींचे व नदीचे पाणी पीत होते. कॉलरा आणि विषमज्वराच्या साथी नेहमीच्याच होत्या. एडुआर्ड झ्यूस हा भूगर्भशास्त्रज्ञ नगरपरिषदेत निवडून आला आणि त्याने आल्प्सच्या पायथ्याच्या डोंगरांतून झऱ्यांचे पाणी थेट शहरात आणण्याची योजना मांडली. (दक्षिणेकडील प्राचीन महाखंडाला ‘गोंडवन’ हे नाव रूढ करणारा झ्यूस तो हाच. ज्या गोंडवाना खडकांवरून ते नाव आले, त्यांतच चंद्रपूर-वणी भागातला कोळसा आहे.) १८७३ मध्ये सुमारे ९५ किलोमीटर लांबीची पहिली जलवाहिनी सुरू झाली. त्याच वर्षी शहरात जागतिक प्रदर्शन भरले होते आणि त्याच उन्हाळ्यात कॉलऱ्याची साथही आली होती. १९१० मध्ये दुसरी, आणखी लांब जलवाहिनी आली. आजही शहराचे जवळजवळ सर्व पाणी याच दोन वाहिन्यांतून, केवळ उताराच्या जोरावर वाहत येते, आणि वाटेत त्यावर वीजही तयार होते. झऱ्यांभोवतीचे डोंगर आणि जंगल शहराने संरक्षित ठेवले आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या निर्णयाचे फळ तिथला माणूस रोज नळाखाली ग्लास धरून घेतो.

घरांची कथा याहून मोठी आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी व्हिएन्नाच्या कामगारवस्त्या युरोपातल्या अत्यंत वाईट वस्त्यांपैकी होत्या. एक खोली, एक स्वयंपाकघर, नळ आणि संडास बाहेर सामाईक बोळात. भाडे परवडावे म्हणून कुटुंबे आपल्या घरातली खाट परक्या माणसाला काही तासांपुरती भाड्याने देत. साम्राज्य कोसळल्यानंतर १९१९ च्या निवडणुकीत समाजवादी लोकशाहीवादी पक्षाला महापालिकेत बहुमत मिळाले. १९२२ मध्ये शहराला स्वतंत्र प्रांताचा दर्जा मिळाला आणि त्याबरोबर स्वतःचे कर बसवण्याचा अधिकारही आला. अर्थखाते सांभाळणाऱ्या ह्यूगो ब्राइटनरने १९२३ पासून गृहबांधणी कर लावला. लहान घराला नाममात्र आणि आलिशान घराला जबर असा तो कर होता. सर्वांत महागड्या अर्धा टक्का मालमत्तांकडून त्याचा जवळजवळ निम्मा हिस्सा येई. या पैशातून १९३४ पर्यंत शहराने साठ हजारांहून जास्त घरे बांधली.

कार्ल एन या वास्तुविशारदाने आखलेला ‘कार्ल मार्क्स होफ’ हा त्यांतला सर्वांत नावाजलेला प्रकल्प १९३० मध्ये पुरा झाला. एक किलोमीटरहून लांब पसरलेल्या या इमारतीत १,३८२ सदनिका होत्या. प्रत्येकीत स्वतःचा नळ आणि शौचालय होते. आवारात बालवाडी, धुलाईघर, ग्रंथालय आणि दवाखाना होता, आणि जमिनीचा बहुतांश भाग अंगण म्हणून मोकळा ठेवला होता. १९३४ च्या यादवीत समाजवादी लढवय्यांनी याच इमारतीत ठाण मांडले, तेव्हा सरकारी फौजेने तिच्यावर तोफा डागल्या. महायुद्धानंतर शहराने काम पुन्हा हाती घेतले. आज महापालिकेच्या मालकीच्या सदनिका सुमारे दोन लाख वीस हजार आहेत. मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या गृहसंस्थांची घरे त्यात मिळवली, तर शहरातील सुमारे निम्मे लोक महापालिकेच्या किंवा अनुदानित घरात राहतात.

यातला खरा शहाणपणा उत्पन्नमर्यादेत आहे. ती इतकी वर ठेवली आहे की कारकून, परिचारिका, प्राध्यापक आणि टॅक्सीचालक एकाच जिन्याने चढतात. त्यामुळे ‘सरकारी घर म्हणजे गरिबांची वस्ती’ असा शिक्का बसला नाही, आणि इतकी घरे बाजाराबाहेर असल्यामुळे खासगी घरमालकांनाही भाडे हवे तसे वाढवणे जड जाते. दोषही आहेत. महापालिकेच्या घरासाठी आधी शहरात दोन वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते; त्यामुळे नव्याने आलेले स्थलांतरित खासगी बाजारात जातात आणि जास्त भाडे भरतात.

वाहतुकीतही हाच विचार आहे. २०१२ मध्ये वार्षिक पास ४४९ युरोंवरून ३६५ युरोंवर आणला गेला, म्हणजे दिवसाला एक युरो, आणि पुढे अनेक वर्षे तो तितकाच ठेवला गेला. शहराच्या पूर्वेला जुन्या विमानतळाच्या जागी ‘सीश्टाट आस्पर्न’ हे नवे उपनगर वसवताना २०१३ मध्ये मेट्रो आधी पोहोचली आणि पहिले रहिवासी त्यानंतर आले. घरे बांधून, लोक राहायला येऊन, वाहनांची कोंडी झाल्यावर मेट्रोचा विचार करण्याचा क्रम तिथे उलटा केला गेला. घर आणि प्रवास स्वस्त असले की पगार कमी पडत नाही, चांगली माणसे टिकतात, आणि माणसे टिकली की कंपन्या येतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था १९५७ पासून, तर ओपेक १९६५ पासून व्हिएन्नात आहे; संयुक्त राष्ट्रांचे मोठे संकुलही १९७९ पासून तिथे आहे.

सिंगापूर: जमिनीचा हिशेब

१९६५ मध्ये मलेशियापासून वेगळे झालेले सिंगापूर पुरेसे पाणीही नसलेले बेट होते. झोपड्या, बेकारी आणि वांशिक दंगली यांनी ते ग्रासलेले होते. आज व्यापारसुलभतेच्या आणि आर्थिक केंद्रांच्या कुठल्याही यादीत ते वरच्या चार-पाचांत असते. या बदलाचे श्रेय बहुतेक वेळा कमी करांना आणि कडक कायद्यांना दिले जाते. ते अर्धेच खरे आहे.

गृहनिर्माण मंडळ स्वातंत्र्याच्याही आधी, १९६० मध्ये स्थापन झाले. १९६८ पासून नागरिकांना आपल्या भविष्य निर्वाह निधीतून या मंडळाचे घर विकत घेता येऊ लागले. आज तेथील रहिवाशांपैकी सुमारे ८० टक्के लोक मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात, आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे. घर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. जमीन सरकारचीच राहते. १९८९ पासून प्रत्येक इमारतीत चिनी, मलय आणि भारतीय वंशाच्या कुटुंबांचे कमाल प्रमाण ठरवलेले आहे, म्हणजे एखाद्या वंशाची वेगळी वस्ती तयार होऊ नये. व्यक्तीच्या निवडीवर हे बंधन आहेच. घर विकताना त्याचा फटका अल्पसंख्याकांना बसतो, ही तक्रारही जुनी आहे. पण दंगलींची आठवण ताजी असलेल्या देशाने ते जाणीवपूर्वक स्वीकारले.

रस्त्यांबाबत हिशेब आणखी कठोर. १९७५ मध्येच शहराच्या मध्यभागी गाडी नेण्यासाठी शुल्क लावले गेले. १९९० पासून नवी गाडी घेण्याआधी लिलावात दहा वर्षांचा परवाना घ्यावा लागतो, आणि अलीकडच्या वर्षांत काही वेळा त्याची किंमत एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेली आहे; गाडीची किंमत वेगळी. लहान बेटावरची जमीन वाहनतळांत घालवायची नाही, हा निर्णय त्यामागे आहे. तो लोकांनी सहन केला, कारण मेट्रो आणि बस वेळेवर येते.

सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट नदीची आहे. सिंगापूर नदी १९७० च्या दशकात काळीकुट्ट होती. डुकरांचे व बदकांचे वाडे, बोटींच्या दुरुस्तीचे धक्के, झोपड्या आणि रस्त्यावरचे हजारो खाद्यविक्रेते, सगळ्यांची घाण तिच्यात जाई. १९७७ मध्ये दहा वर्षांची मुदत घालून सफाई हाती घेतली आणि १९८७ मध्ये ती पूर्ण झाली. फेरीवाल्यांना हुसकावून देण्याऐवजी त्यांना नळ, सांडपाण्याची व्यवस्था, छप्पर आणि परवाना असलेल्या ‘हॉकर सेंटर’मध्ये जागा दिली गेली. आज अशी शंभराहून जास्त केंद्रे आहेत. अशा खाद्यविक्रेत्यांच्या दोन गाळ्यांना २०१६ मध्ये मिशेलिनचा तारा मिळाला, आणि २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. स्वस्त दुपारचे जेवण मिळण्याची रहिवाशांची सोय पर्यटकांचे मोठे आकर्षण ठरली. पाण्याच्या बाबतीत मलेशियातील जोहोरवर असलेले अवलंबित्व कमी करण्यासाठी २००३ पासून सांडपाणी पिण्यायोग्य शुद्ध केले जाते, आणि २००८ मध्ये शहराच्या मध्यभागीच खाडीच्या तोंडावर बंधारा घालून गोड्या पाण्याचा जलाशय तयार केला गेला.

व्यापाऱ्यांना इथे काय मिळते? लाचलुचपत प्रतिबंधक यंत्रणा १९५२ पासून आहे आणि ती मंत्र्यांनाही सोडत नाही. करार मोडला तर न्यायालयात निकाल लवकर लागतो. बंदराने १९७२ मध्येच, आसपासच्या देशांच्या आधी, कंटेनरसाठी धक्का उभारला आणि चांगी विमानतळ १९८१ पासून वाढतो आहे. या सगळ्याची दुसरी बाजूही मोजली पाहिजे. मोर्चा काढायला परवानगी लागते आणि ती सहसा मिळत नाही. शहर बांधणारे भारत-बांगलादेशातील मजूर मोठ्या वसतिगृहांत दाटीने राहतात. २०२० मध्ये कोविडची साथ तिथेच सर्वाधिक पसरली. यादीतील ‘स्थैर्या’च्या गुणांत या गोष्टी दिसत नाहीत.

पायी चालणारी शहरे

कोपनहेगन १९५० च्या दशकात युरोपातल्या इतर शहरांसारखेच गाड्यांनी भरत चालले होते. एक पाया मात्र आधीच घातला गेला होता. १९४७ च्या आराखड्यात शहराची वाढ पाच रेल्वेमार्गांच्या कडेने व्हावी आणि मधल्या पट्ट्यांत शेती व झाडी राखावी असे ठरले होते. नकाशावर तो पंजासारखा दिसतो, म्हणून त्याला ‘बोटांचा आराखडा’ म्हणतात. १९६२ च्या नोव्हेंबरात स्ट्रोएट हा मुख्य बाजाररस्ता गाड्यांना बंद केला, तेव्हा दुकानदारांना धंदा बुडण्याची भीती वाटली. धंदा वाढला. यान गेल या वास्तुविशारदाने पुढे अनेक वर्षे एक साधे काम केले: लोक कुठे थांबतात, कुठे बसतात, किती वेळ रेंगाळतात, हे मोजले. रस्त्यावरच्या गाड्या सगळीकडे मोजल्या जातात. थांबलेली माणसे मोजणे ही नवी गोष्ट होती. १९७० च्या दशकातील तेलसंकटानंतर सायकलस्वारांनी मोर्चे काढून वेगळ्या मार्गिका मिळवल्या. म्हणजे आज कौतुकाने पाहिली जाणारी सायकलसंस्कृती डेन्मार्कच्या मातीत उगवलेली नाही; तिच्यासाठी लोकांनी भांडण केले आहे.

बंदराचे पाणीही असेच परत मिळवले. पूर्वी मुसळधार पावसात सांडपाणी थेट बंदरात जात असे. शहराने मोठ्या साठवण टाक्या बांधल्या आणि २००२ मध्ये इस्लान्स ब्रुगे इथे बंदराच्या पाण्यात पोहण्याचे ठिकाण खुले केले. त्याच वर्षी चालकविरहित मेट्रो सुरू झाली. तिचा मोठा खर्च सरकारी मालकीच्या जमिनीची किंमत वाढवून, ती विकून उभा केला गेला.

गेल यांच्या अभ्यासाचा धागा ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पोहोचला. १९८० च्या दशकात तिथला मध्यभाग कार्यालये सुटली की ओस पडे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महापालिकेने रिकाम्या कार्यालयांची घरे करायला प्रोत्साहन दिले, गेल यांच्याकडून १९९४ मध्ये सार्वजनिक जागांचा अभ्यास करवून घेतला, आणि मागच्या बोळांत कॉफीची लहान दुकाने येऊ दिली. २०११ ते २०१७ अशी सलग सात वर्षे हे शहर इकॉनॉमिस्टच्या यादीत पहिले होते. मात्र त्याच काळात घरांच्या किमती भडकल्या आणि तरुण कुटुंबे दूरच्या, गाडीवर अवलंबून असलेल्या उपनगरांकडे ढकलली गेली. पहिला क्रमांक आणि परवडेनासे होणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या.

व्यापारी शहरे: लंडन, दुबई, टोकियो

लंडनची ताकद अनेक गोष्टी एकत्र येण्यात आहे. सकाळी आशियाशी आणि दुपारी अमेरिकेशी बोलता येईल अशी वेळ, जगभर करारांत वापरला जाणारा इंग्रजी कायदा, मोठी विद्यापीठे, आणि शतकानुशतके बाहेरून आलेली माणसे. राष्ट्रीय संग्रहालये २००१ पासून विनाशुल्क आहेत, हा पर्यटकाला आणि तिथल्या गरीब विद्यार्थ्यालाही सारखाच लाभ. मराठी माणसाचा या शहराशी जुना संबंध आहे. महाराष्ट्र मंडळ, लंडन १९३२ पासून चालू आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणासाठी १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले आणि तिथे स्मारक केले. शहराची उणीव एकच, पण मोठी: घर. दोन पगारांतही भाडे पेलत नाही अशी तक्रार तिथे डॉक्टर आणि शिक्षकही करतात.

दुबईने दुसरी वाट धरली. १९६६ मध्ये तेल सापडले, पण ते फार नव्हते, आणि हे राज्यकर्त्यांनी वेळीच ओळखले. खाडी खोल करण्याचे काम तर तेलाच्याही आधी, कर्ज काढून केले होते. जेबेल अली बंदर १९७९ मध्ये, मुक्त व्यापार क्षेत्र आणि एमिरेट्स विमानकंपनी १९८५ मध्ये, आणि इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर स्वतःची न्यायालये असलेले आर्थिक केंद्र २००४ मध्ये आले. २०१४ पासून आंतरराष्ट्रीय प्रवाशांच्या संख्येत तेथील विमानतळ जगात पहिला आहे. वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही, आणि मुंबई तीन तासांवर. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे म्हणूनच तिथे स्थायिक झाली. पण नव्वद टक्क्यांच्या आसपास लोकसंख्या परदेशी आहे आणि बहुतेकांचे तिथले राहणे व्हिसावर टिकून आहे. एप्रिल २०२४ च्या विक्रमी पावसात विमानतळाची धावपट्टी पाण्याखाली गेली. त्यानंतर पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी ३० अब्ज दिरहमची योजना जाहीर झाली. ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा २०१० मध्येच उभा राहिला होता. गटारांची पाळी नंतर आली.

टोकियो परिसरात सुमारे पावणेचार कोटी लोक राहतात. इतक्या गर्दीचे शहर चालते ते रेल्वेमुळे. खासगी रेल्वेकंपन्यांनी मार्ग टाकताना स्थानकांभोवती घरे आणि मोठी दुकानेही बांधली. तिकिटाच्या उत्पन्नाला जमिनीच्या उत्पन्नाची जोड मिळाली. बांधकामाचे नियम राष्ट्रीय पातळीवर ठरतात आणि बऱ्यापैकी सैल आहेत. त्यामुळे नवी घरे सतत होत राहतात, आणि लंडन किंवा न्यूयॉर्कच्या तुलनेत भाडे आटोक्यात राहते.

पाहुणे जास्त झाले की

पाहायला उत्तम असणे शहराच्या जिवावर कसे उठते, हे व्हेनिसमध्ये दिसते. १९५१ मध्ये जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास रहिवासी होते. २०२२ मध्ये ही संख्या पन्नास हजारांखाली गेली. किराणा दुकानाच्या जागी मुखवट्यांचे दुकान येते, शेजारचे घर पर्यटकांना दिले जाते, शाळेत मुले उरत नाहीत. एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो शुल्क घ्यायला सुरुवात झाली. बार्सिलोनाने १९९२ च्या ऑलिम्पिकसाठी आपला समुद्रकिनारा नव्याने घडवला आणि जगाला भुरळ घातली. तिथेच २०२४ मध्ये रहिवासी पर्यटनाविरुद्ध रस्त्यावर उतरले. पर्यटकांना अल्पकाळासाठी दिल्या जाणाऱ्या सुमारे दहा हजार सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवण्याचा निर्णय महापौरांनी जाहीर केला आहे. घराला ‘घर’ म्हणून राखले नाही तर शहराचे प्रदर्शन होते, आणि प्रदर्शनात कोणी फार दिवस राहत नाही.

यादीत मुंबई-पुणे

या याद्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, याचा मोठा पुरावा जागतिक बँकेनेच दिला. व्यवसायसुलभतेच्या तिच्या प्रसिद्ध अहवालात काही देशांच्या आकडेवारीत गैरप्रकार आढळले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तो अहवालच बंद करण्यात आला. पुण्याचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी पाहण्यासारखे आहे. मर्सरच्या २०१९ च्या यादीत भारतात हैदराबादसह पुणे सर्वांत वर होते, पण जगात त्यांचा क्रमांक १४३ वा होता. त्याच्या आदल्याच वर्षी केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाच्या राहणीसुलभतेच्या निर्देशांकात १११ शहरांत पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी आणि बृहन्मुंबई तिसरी आली होती. दोन्ही निकाल आपापल्या प्रश्नांची उत्तरे आहेत. नोकरी, शिक्षण आणि हवामानासाठी देशभरातून माणसे पुण्यात येतात, हे खरेच आहे. तिथले पदपथ, बससेवा आणि नदीतले सांडपाणी झ्युरिकच्या शेजारी ठेवले तर क्रमांक घसरणार, हेही तितकेच खरे आहे.

मुंबई महानगरात अलीकडे झालेले काम मोठे आहे. २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण धावू लागली आणि त्याच महिन्यात नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. दळणवळणाचे आणि व्यापाराचे गुण यामुळे वाढतील. घराचा प्रश्न मात्र जुनाच आहे. व्हिएन्ना कामगारांसाठी स्वतंत्र नळ आणि शौचालय असलेल्या सदनिका बांधत होती, त्याच दशकात वसाहतकालीन सरकारने मुंबईत बीडीडी चाळी बांधल्या: १६० चौरस फुटांची एक खोली आणि शौचालये सामाईक. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या आणि त्यांत तीन-चार पिढ्या वाढल्या. त्यांच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या वरळीतील रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. ही घरे ५०० चौरस फुटांची आहेत.